अर्धा हेक्टर बागायत, दोन हेक्टर जिरायत

ज्याच्याकडे पगाराची पावती नाही, त्याची कमाई सरकार कशी मोजतं? शेतमजुराला आज काम असतं, उद्या नसतं. भाजीवालीच्या हातात संध्याकाळी किती उरले, याची कुठेच नोंद नसते. तरीही अशा लाखो घरांतून गरजू घरं निवडायची, तर कुठेतरी रेघ ओढावीच लागते.

महाराष्ट्रात १९९९ साली तिरंगी रेशनकार्डं आली. वर्षाचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत असेल तर पिवळं, त्यापुढे एक लाखापर्यंत केशरी आणि त्याहून जास्त असेल तर पांढरं. पण उत्पन्न डोळ्यांना दिसत नाही, म्हणून निकषांत दिसणाऱ्या गोष्टी आल्या. पिवळ्या कार्डासाठी घरात डॉक्टर, वकील नको, चारचाकी नको आणि टेलिफोनही नको! तेव्हा घरात फोन असणं ही सुबत्तेची खूण होती.

खरी कमाल आहे ती जमिनीच्या निकषात. पिवळ्या कार्डासाठी कुटुंबाची जमीन दोन हेक्टर जिरायत, एक हेक्टर अर्धबागायत किंवा अर्धा हेक्टर बागायत यापेक्षा जास्त नसावी. म्हणजे विहिरीचं पाणी मिळणारी सव्वा एकर आणि पावसाकडे डोळे लावून बसलेली पाच एकर जमीन इथे एकाच मापाची ठरते. दुष्काळी तालुक्यांत तर ही मर्यादा दुप्पट होते. नुसतं क्षेत्रफळ पाहून भागत नाही, पाणी कुठून येतं हेही विचारावं लागतं, ही शेतकऱ्याची समज सरकारी नियमात उतरली आहे.

आता खेड्यातलं एक घर डोळ्यांसमोर आणा. वर्षाचं उत्पन्न ४० हजार. कार्ड केशरी. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा २०१३ साली आला. त्याखाली राज्यात प्राधान्य कुटुंबासाठी ग्रामीण भागात ४४ हजारांची मर्यादा आहे, त्यामुळे हे घर माणशी महिना पाच किलो धान्याच्या निकषात बसतं. ‘लाडकी बहीण’ योजनेची मर्यादा अडीच लाख. तिथेही हे घर बसतं. शिवाय तिथे केशरी कार्ड दाखवलं की उत्पन्नाचा दाखला लागत नाही. पण याच घरातली विधवा सून संजय गांधी निराधार योजनेकडे गेली, तर तिथली सर्वसाधारण मर्यादा २१ हजारांची. तिथे ती अपात्र! घर तेच, कमाई तीच, पण प्रत्येक योजनेची रेघ वेगळी.

आणखी एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. अन्न सुरक्षेच्या लाभार्थ्यांचा राज्याला इष्टांक ठरवून दिलेला आहे, सुमारे सात कोटी. तो २०११च्या जनगणनेच्या आधारे ठरला. इष्टांक भरलेला असेल, तर निकषात बसणाऱ्या कुटुंबालाही थांबावं लागतं.

म्हणूनच एका खिडकीवर ‘अपात्र’ ऐकून कुणी गप्प घरी परतू नये. नेमकं विचारावं: मर्यादा किती? कुटुंबात कुणाकुणाची कमाई धरली? उत्पन्न आड आलं, जमीन आड आली, की इष्टांकच भरला? दाखल्याची मुदत संपली असेल, तर नवा काढता येतो. इष्टांक भरला असेल, तर जागा रिकामी होताच नाव लागू शकतं. मर्यादाच ओलांडली असेल, तर दुसऱ्या योजनेची मर्यादा पाहावी. कारण समजलं की पुढे काय करायचं तेही समजतं, आणि ते कारण विचारण्याचा हक्क प्रत्येक अर्जदाराला आहे.