सॉफ्टवेअर बनवून घेताय? आधी काट्यापाशी बसा

भिवापूरचा मिरची सातरा (मिरची वाळवून देठ काढायची जागा) असो, शेतकऱ्यांची कंपनी असो की कृषी केंद्र, आता अनेकांना आपल्या कामाचं स्वतंत्र सॉफ्टवेअर हवं असतं. ते फसलं की दोष संगणकावर किंवा बनवणाऱ्यावर जातो. खरं तर बरीचशी कामं बनवायला घेण्याआधीच बिघडलेली असतात. त्यामागचे नेहमीचे गैरसमज पाहू.

गैरसमज १ : आमचं काम साधं आहे, फोनवर सांगितलं तरी पुरे.

वस्तुस्थिती : सातऱ्यावरच्या एका पोत्याचा हिशेब घ्या. मिरची येते तेव्हा तिचं एक वजन असतं. उन्हात वाळली की ते घटतं. देठ काढले, रंग उडालेली मिरची वेगळी केली की आणखी घटतं. देठ काढणाऱ्या बायांची मजुरी किलोवर असते, शेतकऱ्याचा पैसा वेगळ्या वजनावर निघतो आणि व्यापाऱ्याचं बिल तिसऱ्याच वजनावर. सॉफ्टवेअरमध्ये ‘वजन’ नावाचा एकच रकाना ठेवला, तर पहिल्याच आठवड्यात हिशेब जुळेनासा होतो. शिवाय भिवापुरी मिरचीला भौगोलिक मानांकन आहे. त्या नावाने माल विकायचा, तर तो दुसऱ्या वाणात मिसळून चालत नाही. म्हणजे प्रत्येक ढिगाची नोंद शेतापासून पोत्यापर्यंत वेगळी राहायला हवी. हे मागाहून सुचलं, तर अर्धं काम उकलून पुन्हा करावं लागतं.

गैरसमज २ : मालकाला विचारलं की सगळं कळतं.

वस्तुस्थिती : मालक नियम सांगतो; अपवाद ठाऊक असतात ते काट्यावरच्या माणसाला, मुनिमाला आणि मुकादमाला. उचल घेतलेल्या मजुराचा हिशेब कसा कापतात, लाइट गेल्यावर पावती कशी देतात, एकाच नावाचे दोन शेतकरी कसे ओळखतात, हे त्यांनाच विचारावं लागतं. ऐन हंगामातला एक दिवस काट्यापाशी बसून पाहिलं, तर बंद खोलीतल्या अनेक बैठकांपेक्षा जास्त हाती लागतं.

गैरसमज ३ : काम सुरू करा, अडचण आली की बघू.

वस्तुस्थिती : मुंबई विद्यापीठाने २०१७च्या उन्हाळी परीक्षांच्या सुमारे १७ लाख उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासायचं ठरवलं. स्कॅनिंग, प्राध्यापकांचं प्रशिक्षण, लॉगिन या गोष्टींतल्या अडचणी तपासणी सुरू असतानाच पुढे आल्या. कुलपतींनी दिलेली ३१ जुलैची मुदत टळली, निकाल रखडले, विद्यार्थ्यांचे पुढचे प्रवेश अडले आणि ऑक्टोबरमध्ये कुलगुरूंना पद गमवावं लागलं. आधी थोड्या उत्तरपत्रिकांवर पूर्ण प्रयोग झाला असता, तर यातल्या कितीतरी अडचणी वेळेत दिसल्या असत्या.

गैरसमज ४ : एकदा लिहून दिलं की पुढे बदल नाही.

वस्तुस्थिती : शेतकऱ्याने पिकाची नोंद स्वतः करायचं महाराष्ट्राचं ई-पीक पाहणी ॲप १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर सुरू झालं. वापरातल्या अडचणी पाहून २०२२मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली. तिच्यात शेतकऱ्याला आपली नोंद ४८ तासांत एकदा दुरुस्त करता येऊ लागली आणि मिश्र पिकात मुख्य पिकासोबत दोनऐवजी तीन दुय्यम पिकं नोंदवता येऊ लागली. बदल असे होतातच, आणि लेखी मागणीचा उपयोग इथेच होतो. काय ठरलं होतं, नवीन काय हवंय आणि त्याचा खर्च किती, हे बनवून घेणारा आणि बनवणारा या दोघांनाही स्पष्ट दिसतं. वाद होत नाही.

गैरसमज ५ : आधी किंमत सांगा, तपशील नंतर.

वस्तुस्थिती : काम न समजता सांगितलेली किंमत अंदाजच असते. काय बनवायचं हे नेमकं ठरवणं हाच सॉफ्टवेअरमधला सर्वांत अवघड भाग, असं संगणकतज्ज्ञ फ्रेडरिक ब्रूक्स यांनी १९८६मध्येच मांडलं होतं. त्या भागाचे वेगळे पैसे द्यायला कचरू नका.

कोटेशन मागवण्याआधी एवढं करा. मागच्या हंगामाची वही, कोऱ्या आणि भरलेल्या पावत्या, मजुरीचा तक्ता एकत्र ठेवा. कोण काय नोंदवणार आणि कोण काय पाहू शकणार, ते लिहा. पहिल्या हंगामात नक्की लागणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढा आणि बाकीच्या पुढे ढकला. हे सगळं मराठीत, चार पानांत मावतं. ती चार पानं काट्यावरच्या माणसाला वाचून दाखवा आणि त्याने ‘हो, असंच चालतं’ म्हटल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.