सर्व्हरचा रोजमेळ: डिस्क भरण्याआधी कळावं कसं?

सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सकाळी ओपीडीची रांग लागते, तेव्हा नोंदणीच्या खिडकीवरचा संगणक चालू असावाच लागतो. 1969 मध्ये सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं हे रुग्णालय. सी-डॅकच्या मदतीने इथे संगणकीय नोंदपद्धती आली, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. अशा कुठल्याही रुग्णालयात सर्व्हरची डिस्क भरली तर काय होतं? डेटाबेसला नवी नोंद लिहायला जागा मिळत नाही आणि खिडकीवरचं काम थांबतं. यंत्र बिघडलेलं नसतं, फक्त जागा संपलेली असते.

पण जागा सहसा एका रात्रीत संपत नाही. सीटी स्कॅनचंच घ्या. एका प्रतिमेत 512 गुणिले 512 ठिपके, प्रत्येक ठिपक्याला 2 बाइट, म्हणजे सुमारे अर्धा एमबी. एका तपासणीत अशा 300 प्रतिमा धरल्या तर 150 एमबी. समजा दिवसाला 40 तपासण्या होतात. म्हणजे रोज 6 जीबी, वर्षाला 2 टीबीहून थोडं जास्त. हा आकडा रोज कुणी लिहून ठेवला, तर डिस्क कधी भरणार हे काही महिने आधी सांगता येईल.

हे लिहून ठेवायचं काम स्क्रिप्ट करते. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला द्यायच्या आज्ञांची एक साधी फाइल. लिनक्सवर ‘डीएफ’ ही आज्ञा किती जागा उरली ते सांगते आणि ‘डीयू’ कोणत्या फोल्डरने किती खाल्ली ते सांगते. विंडोजवर हेच काम पॉवरशेलमधून होतं. ‘क्रॉन’ला सांगून ठेवलं की रोज पहाटे स्क्रिप्ट आपोआप चालते, एकेका सर्व्हरकडे जाऊन आकडे गोळा करते आणि तक्ता ईमेलने पाठवते. दुकानदाराचा रोजमेळच म्हणा ना! गांधीजी लंडनला शिकत असताना पै-पैचा हिशेब लिहीत आणि झोपण्याआधी जुळवत. तीच सवय इथे यंत्राला लावायची.

तक्त्यात बहुतेक जण ‘90 टक्के भरली’ एवढंच दाखवतात. माझ्या मते हा आकडा फसवा आहे. 20 टीबीच्या डिस्कमध्ये 10 टक्के म्हणजे 2 टीबी. रोज 6 जीबीने ती जवळपास अकरा महिने पुरेल. 100 जीबीच्या डिस्कमध्ये तेच 10 टक्के दोन दिवसही पुरणार नाहीत. म्हणून कालची शिल्लक, आजची शिल्लक आणि त्यावरून उरलेले दिवस, असे तीन रकाने हवेत. आणि सगळं ठीक असलं तरी ईमेल आलाच पाहिजे. फक्त अडचण आल्यावर बोलणारी स्क्रिप्ट स्वतःच बंद पडली, तर ती शांतता आणि ‘सगळं ठीक’ यातला फरक कळणार कसा?

क्लाउडवर जागा संपत नाही, बिल वाढतं. व्हर्च्युअल सर्व्हर काढून टाकला तरी त्याची डिस्क कधीकधी मागे राहते आणि तिचं भाडं चालू असतं. ॲमेझॉनच्या एस-थ्रीमध्ये मोठी फाइल चढवताना मध्येच थांबली, तर तिचे अर्धवट तुकडे नेहमीच्या यादीत दिसत नाहीत, पण पैसे मात्र लागतात. असल्या वस्तू शोधून रोजच्या तक्त्यात आणणारी स्क्रिप्ट स्वतःचा खर्च लवकर भरून काढते.

मोजणारी स्क्रिप्ट चुकली तर आकडा चुकतो. पुसणारी चुकली तर डेटा जातो. डिसेंबर 2021 मध्ये जपानच्या क्योतो विद्यापीठात नेमकं हेच झालं. महासंगणकावरच्या जुन्या लॉग फाइल पुसणारी स्क्रिप्ट चालू असतानाच तिच्या जागी नवी आवृत्ती ठेवली गेली. स्क्रिप्टने अर्ध्यावरून नवा मजकूर वाचला, फोल्डरचं नाव रिकामं राहिलं आणि लॉगऐवजी संशोधकांच्या फाइल पुसल्या गेल्या. सुमारे 77 टीबी. काही गटांचा डेटा परत मिळालाच नाही.

त्यामुळे पुसणाऱ्या स्क्रिप्टने आधी फक्त यादी द्यावी, माणसाने ती पाहावी, नाव रिकामं असेल तर स्क्रिप्टने तिथेच थांबावं. रुग्णालयात तर आणखी एक अडसर हवा: वैद्यकीय परिषदेच्या 2002 च्या नियमांनुसार दाखल रुग्णाच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून किमान 3 वर्षं ठेवाव्या लागतात, त्यामुळे ‘90 दिवसांपेक्षा जुनं ते पुसा’ ही आज्ञा लॉगच्या फोल्डरबाहेर जाता कामा नये.