पंढरपूरला जाताय? मग विठ्ठलाच्या आधी चोखोबांच्या समाधीपाशी थांबा

मोहोपाडा, खालापूर, कर्जत या पट्ट्यातल्या लोकांना विठोबा काही लांबचा नाही. खोपोलीजवळ साजगावला बोंबल्या विठोबाची जत्रा भरते आणि तिथल्या देवस्थानाला 'धाकटी पंढरी' म्हणतात. थोरल्या पंढरीला जायचं तर कर्जतवरून घाट चढून पुणे, दौंड करत कुर्डुवाडी गाठायची आणि तिथून पंढरपूर.

पण पंढरपूरला पोहोचल्यावर बहुतेकजण सरळ दर्शनरांगेत उभे राहतात. ही रांग वेगळ्या वाटेने आत जाते. त्यामुळे मंदिराच्या पूर्वेकडच्या महाद्वारासमोर असलेली एक छोटी समाधी अनेकांची बघायची राहून जाते.

ती समाधी आहे संत चोखामेळा यांची. ती नेमकी तिथेच का आहे?

चोखोबा कोण होते?

चोखोबा चौदाव्या शतकातले कवी, संत नामदेवांचे समकालीन. जातीने महार. राहणं मंगळवेढ्याला, म्हणजे पंढरपूरपासून सुमारे २५ किलोमीटरवर. आज त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग सापडतात.

त्यांचं सगळं घरच कवींचं होतं. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग रचले. त्यातला कर्ममेळा तर देवालाच जाब विचारतो, की आम्हाला या जातीत जन्माला घालून तू काय साधलंस?

चोखोबा विठ्ठलासाठी पंढरपूरला यायचे, पण देवळात जायची त्यांना परवानगी नव्हती. दर्शन बाहेरूनच.

मृत्यू कसा झाला?

मंगळवेढ्याच्या गावकुसाचं काम सुरू होतं. गावकूस म्हणजे गावाभोवतीची संरक्षक भिंत. या कामाला महारांना लावलं जायचं. काम सुरू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा व इतर मजूर गाडले गेले. परंपरेनुसार तो दिवस शके १२६०, म्हणजे इ.स. १३३८ च्या वैशाख वद्य पंचमीचा.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. महारवाडा असायचा गावकुसाबाहेर. म्हणजे ज्या भिंतीच्या आत राहायची मुभा नव्हती, तीच भिंत बांधताना त्यांचा जीव गेला.

मग समाधी पंढरपुरात कशी?

परंपरा सांगते, की नामदेव मंगळवेढ्याला गेले. ढिगाऱ्यातून चोखोबांच्या अस्थी ओळखायच्या कशा? नामदेवांनी एकेक हाड कानाला लावलं. ज्यातून 'विठ्ठल' नाम ऐकू आलं, त्या अस्थी चोखोबांच्या. त्या पंढरपूरला आणून महाद्वारासमोर समाधी बांधली गेली. पुढे नामदेवांची पायरीही त्याच महाद्वारात झाली.

ही कथा मानाची आहेच. देवाच्या अगदी समोरची जागा किती जणांना मिळते? पण याच कथेला दुसरी बाजू आहे. मृत्यूनंतरही चोखोबा दाराबाहेरच राहिले. आणि पुढे कित्येक पिढ्या अस्पृश्य मानलेल्या वारकऱ्यांसाठी हीच समाधी म्हणजे हद्द ठरली. तिथवर यायचं, तिथूनच हात जोडायचे आणि परत फिरायचं.

हद्द कधी मोडली?

१९४७ साली. मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं. १० मे रोजी ते सुटलं आणि त्याच वर्षी विठ्ठल मंदिराचे दरवाजे दलितांसाठी उघडले. चोखोबांच्या मृत्यूपासून मोजलं तर मध्ये ६०९ वर्षं गेली.

पुढच्याच वर्षी, १९४८ मध्ये, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ आला. तो त्यांनी तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केला: तमिळनाडूचे नंदनार, उत्तरेचे रविदास आणि महाराष्ट्राचे चोखामेळा. यातल्या नंदनारांची कथाही चोखोबांसारखीच, चिदंबरमच्या देवळाबाहेर अडवल्या गेलेल्या भक्ताची.

गेलात तर काय बघाल?

चंद्रभागेवर स्नान करून महाद्वार घाटाने वर आलात, की रस्ता थेट महाद्वाराकडे येतो. तिथे आधी चोखोबांची समाधी, मग नामदेव पायरी. अनेक वारकरी याच क्रमाने दर्शन घेतात, आधी चोखोबा, मग नामदेव, मग विठ्ठल.

समाधीपाशी उभं राहून समोरच्या दाराकडे एकदा बघा. अंतर जेमतेम काही पावलांचं आहे. ते कापायला आज कुणाला विचारावं लागत नाही. चोखोबांना मात्र ते जन्मभरात कापता आलं नाही.