सुजाता की पुण्णिका?



घाटकोपरला डोंगरावरच्या वस्तीत माझे माहेर. तिथे माझ्या धाकट्या भावाला मुलगी झाली. नाव ठेवण्याचा मान आत्याचा, म्हणून नामकरणाच्या आठ दिवस आधीच आईचा मला मुलुंडला फोन आला, "बाळाच्या कानात सुजाताच सांगायचं हं." मी माहेरी पोहोचले तर भावजय हळूच म्हणाली, "ताई, मला पुण्णिका ठेवायचंय." वर्षावासात विहारात थेरीगाथेचे वाचन झाले, तेव्हा तिने हे नाव ऐकले होते.

आईने ते ऐकले मात्र, तिचा पारा चढला. "पुण्णिका? हे कसलं नाव? शाळेत धड लिहिणार नाहीत, पोरं चिडवतील. सुजाता कसं, हाक मारायला सोपं, सगळ्यांच्या ओळखीचं."

आईचे म्हणणे अगदीच चूक नव्हते. तपाने कृश झालेल्या सिद्धार्थाला उरुवेलेत खीर देणारी सुजाता कोणाला ठाऊक नाही? म्हणूनच आपल्या वस्त्यांत हे नाव घरोघरी आढळते. आईच्या एका गल्लीतच तीन सुजाता आहेत. एकीला हाक मारली की तिघी वळून बघतात.

पण भगिनींनो, ही ओळखीची नावे तरी आपल्याकडे कधी आली? महाडला २५ डिसेंबर १९२७ रोजी जिचे दहन झाले, त्या मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात नावांचेही नियम आहेत. ब्राह्मणाचे नाव मंगल असावे, क्षत्रियाचे बळ दाखवणारे, वैश्याचे धन दाखवणारे आणि शूद्राचे मात्र किळस यावी असे! आपल्या पणज्यांची नावे आठवून पाहा : धोंडाबाई, दगडाबाई, कचराबाई. मूल जगावे, दृष्ट लागू नये म्हणून अशी नावे इतर समाजांतही ठेवीत, हे खरे. पण मुलीचे नाव तिची किंमत सांगते, हेही तितकेच खरे. सातारा जिल्ह्यात ऑक्टोबर २०११ मध्ये 'नकुशी' नावाच्या २०० हून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. नको असलेली म्हणून नकुशी! आपल्या महाराष्ट्रातली, अगदी अलीकडची ही गोष्ट.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली आणि आपल्या घरांत गौतम, राहुल, सुजाता, संघमित्रा अशी नावे येऊ लागली. तेव्हा तीही नवीच होती. "हे कसलं नाव?" असे तेव्हाही कोणा आजीने म्हटलेच असेल. आज तीच नावे आपल्याला जवळची वाटतात.

मग ही पुण्णिका कोण? श्रावस्तीच्या अनाथपिंडिकाच्या घरी दासीच्या पोटी जन्मलेली, नदीवरून पाणी भरणारी मुलगी. कडाक्याच्या थंडीतही मालकिणीच्या धाकाने तिला पाण्यात उतरावे लागे. एकदा एक ब्राह्मण कुडकुडत नदीत स्नान करताना तिला दिसला. तिने विचारले, "मी भीतीने पाण्यात उतरते, तुम्ही कोणाला भिता?" तो म्हणाला, "स्नानाने पाप धुऊन जाते." त्यावर ती म्हणाली की, तसे असेल तर बेडूक, कासव, मगर सगळेच स्वर्गात जातील. शिवाय ही नदी पाप वाहून नेत असेल तर पुण्यही नेईल, मग तुमच्यापाशी उरेल काय? ब्राह्मण निरुत्तर झाला आणि बुद्धाला शरण गेला. पुढे अनाथपिंडिकाने तिला दास्यातून मुक्त केले आणि ती भिक्षुणी झाली, असे अट्ठकथेत सांगितले आहे. थेरीगाथेत तिच्या गाथा आजही आहेत.

भावजयीने ही गोष्ट आईला सांगितली. आई गप्प बसून ऐकत होती. नळ येण्याआधी वीसएक वर्षे तिने खालच्या रस्त्यावरून डोक्यावर हंडे घेऊन हा डोंगर चढला आहे. बऱ्याच वेळाने तिने एकच विचारले, "मग तिचं पाणी भरणं सुटलं ना?"

"सुटलं, आई."

"मग ठेवा. पण माझी एक अट आहे. पोरीला कोणी नावावरून चिडवलं, तर ही गोष्ट तिला स्वतःला सांगता आली पाहिजे."

भगिनींनो, या अटीत सारे आले. नाव वेगळे असावे ते केवळ नवलाई म्हणून नव्हे. नुसते कानाला गोड लागते म्हणून अर्थ न कळणारे नाव ठेवण्यापेक्षा सुजाता शतपटीने बरे. पण वेगळ्या नावामागे एखादी स्त्री उभी असेल आणि तिची गोष्ट घरातल्या सर्वांना सांगता येत असेल, तर लोक काय म्हणतील या भीतीने ते सोडू नये. खेमा, सोमा, पटाचारा, धम्मदिन्ना अशी कितीतरी नावे थेरीगाथेत आपली वाट पाहत आहेत.

आता थोडे व्यवहाराचे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी. घाटकोपरकरांनी पालिकेच्या एन विभागात, तर मुलुंडकरांनी टी विभागात चौकशी करावी. नाव ठरले नसेल तर घाई नको. नावाशिवायही जन्माची नोंद होते आणि १२ महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येते. त्यानंतर १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरावे लागते. नाव वेगळे असेल तर मराठी आणि इंग्रजी स्पेलिंग कागदावर स्वच्छ लिहून न्यावे आणि दाखला हातात पडताच अक्षर न् अक्षर तपासावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांना शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत हाच दाखला लागणार आहे. आणखी एक, १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे शासकीय कागदपत्रांत आधी आईचे नाव, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव येते. म्हणजे लेकीच्या नावाला आता आईचीही सोबत आहे.

रविवारी त्रिशरण-पंचशील झाले, पाळणा म्हटला आणि मी बाळाच्या कानात नाव सांगितले. शेजारच्या मावशींनी विचारले, "काय गं, काय ठेवलं?" मी तोंड उघडण्याआधीच आई म्हणाली, "पुण्णिका. बसा, सांगते."