मोर, मेडल आणि औंध संस्थान

मोराला नाचायला सांगणारं ते गाणं म्हटलं नाही, असं मराठी घरातलं मूल शोधूनच काढावं लागेल. चित्रपट ‘देवबाप्पा’, साल १९५३. चाल पु. ल. देशपांडे यांची, आवाज सांगलीत जन्मलेल्या आशाताईंचा. आणि शब्द? शेटफळेच्या गजानन दिगंबर माडगूळकरांचे! शेटफळे आज सांगली जिल्ह्याच्या आटपाडी तालुक्यात आहे. तेव्हा तो सगळा मुलूख औंध संस्थानाचा. पावसासाठी आभाळाकडे डोळे लावून बसणाऱ्या माणदेशातल्या कवीनं साऱ्या महाराष्ट्राच्या पोरांना पावसातलं गाणं द्यावं, हे मला फार थोर वाटतं.

संस्थान होतं केवढं? ७२ गावांचं, तेही सलग नाही. औंध आज साताऱ्यात, आटपाडी आणि कुंडल सांगलीत, तर गुणदाळचा तुकडा थेट कर्नाटकात!

गदिमा औंधच्याच शाळेत शिकले. पुढे गणितानं मॅट्रिकची वाट अडवली आणि पोरगा सिनेमाकडे वळला. १९३८ च्या ‘ब्रह्मचारी’त त्यांची छोटीशी भूमिका आहे. त्या काळी औंधच्या गादीवर होते भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी. राजे स्वतः चित्रकार आणि कीर्तनकार. १९१६ मध्ये त्यांचं ‘चित्ररामायण’ प्रसिद्ध झालं. मग १ एप्रिल १९५५ ला, रामनवमीच्या दिवशी, पुणे आकाशवाणीवरून ‘गीतरामायण’ सुरू झालं. वर्षभरात ५६ गाणी, सगळी सुधीर फडके ऊर्फ बाबूजींच्या चालीतली. राजानं रामायण रंगवलं आणि त्याच्या शाळेतल्या पोरानं ते गाण्यांत सांगितलं!

शाळेच्या प्रार्थनेतलं आणखी एक गाणं आठवा. मालकाला, म्हणजे देवाला, घातलेली ती हाक. शब्द भरत व्यासांचे, संगीत वसंत देसाईंचं, गळा लतादीदींचा. चित्रपट व्ही. शांताराम यांचा ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७). याचं मूळ थेट आटपाडीजवळ सापडतं. १९३९ मध्ये औंध संस्थानानं तिथं स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत काढली. कैद्यांनी शेती करायची, कुटुंबासोबत राहायचं. कल्पना मॉरिस फ्रीडमन या पोलिश अभियंत्याची, पाठिंबा राजांचा. त्यावरून चित्रपट निघाला आणि कथा लिहिली पुन्हा गदिमांनीच! १९५८ मध्ये या चित्रपटानं बर्लिनला रौप्य अस्वल पटकावलं. वसाहत आजही आहे. प्रार्थना म्हणणाऱ्या प्रत्येक शाळेनं एकदा तरी तिथं सहल न्यावी, असं मनापासून वाटतं.

सकाळच्या थंडीत सूर्यनमस्कार घातलेत ना? तेही औंधचंच देणं. बाळासाहेबांनी संस्थानातल्या शाळांमध्ये ते सक्तीचे केले, स्वतः घातले, घरच्यांकडूनही घालून घेतले. त्यांचं इंग्रजी पुस्तक १९३८ मध्ये लंडनहून निघालं, लुईस मॉर्गन या पत्रकार बाईंनी संपादित केलेलं.

आता औंधच्या आसपासचे खेळाडू. थोरल्यांच्या बालपणीचा हिरो एकच: कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. १९५२, हेलसिंकी, कुस्तीत कांस्य. स्वतंत्र भारताचं ऑलिम्पिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक! जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. गावानं मिरवणूक काढली बैलगाड्यांची. १५ जानेवारी हा त्यांचा जन्मदिवस आता महाराष्ट्राचा क्रीडादिन आहे. पद्म पुरस्कार मात्र त्यांना कधीच मिळाला नाही, आणि हे डाचत राहतं.

आजच्या पोरांचे हिरो औंधच्या आणखी जवळचे. औंध ज्यात येतं त्या खटाव तालुक्याला लागून माण तालुका, त्यातल्या मोहीची ललिता बाबर. रिओ २०१६, तीन हजार मीटर स्टीपलचेस. प्राथमिक फेरीत ९ मिनिटं १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम करून ती अंतिम फेरीत गेली. भारतीय धावपटू मुलीला ट्रॅकवर हे जमलं ते १९८४ च्या पी. टी. उषानंतर ३२ वर्षांनी! अंतिम शर्यतीत दहावी आली, पण ‘माणदेशी एक्स्प्रेस’ हे नाव घरोघरी पोचलं.

साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला तिरंदाजीची जगज्जेती झाली, तीही सतराव्या वर्षी.

आणि आटपाडी तालुक्यातल्या करगणीचे सचिन खिलारी! लहानपणी सायकलवरून पडले आणि डावा हात कायमचा अधू झाला. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये याच सचिननी गोळा फेकला १६.३२ मीटर आणि रौप्य घेतलं. कॅनडाच्या ग्रेग स्टुअर्टचं सुवर्ण होतं १६.३८ चं. फरक फक्त सहा सेंटिमीटरचा!