नुसता चहा घेतला होता!



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाण्याविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा वाटेल, पण तोही नमुना नीट देण्याचाच आहे.

मागे आम्हाला रक्तातील साखर तपासायची होती. ‘उपाशीपोटी या’ असे डॉक्टरांनी बजावले होते. वाटेत एका सभासदाच्या वस्तीवर लागणीची नोंद घ्यायची राहिली होती, म्हणून पहाटेच थांबलो. रात्रीची लाईट असल्याने घरची मंडळी दारं धरून नुकतीच आली होती. चहा उकळत होता. जुन्नर-आंबेगावात वस्तीवरच्या चहाला नाही म्हणायची पद्धत नाही. आम्हीही घेतला.

तपासणीत आकडा आला १३४. डॉक्टरांनी विचारले, ‘सकाळी काय घेतलं?’ आम्ही म्हणालो, ‘काही नाही, नुसता चहा.’ त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावले. त्या दिवशी फक्त पाणी पिऊन गेलो, तर आकडा १०८.

हा फरक लहान नाही. उपाशीपोटी १०० च्या आत साखर असेल तर ठीक. १०० ते १२५ म्हणजे सावध होण्याची वेळ. १२६ किंवा जास्त आकडा पुन्हा तपासूनही आला, तर मधुमेह धरतात. एका कप चहाने आम्ही उगाच त्या रांगेत जाऊन बसलो असतो.

घोटाळा होतो तो आपल्या उपवासामुळे. एकादशीला चहा चालतो, कॉफी चालते, साबुदाण्याची खिचडीसुद्धा चालते. रक्ताच्या तपासणीचा उपास तसा नव्हे. त्यात किमान ८ तास पाण्याशिवाय काही चालत नाही.

हिशेब पाहा. निरोगी माणसाच्या अंगातील सगळ्या रक्तात मिळून साखर असते जेमतेम ४-५ ग्रॅम, म्हणजे एक चमचा. आपण चहात दोन चमचे घालतो, शिवाय दुधातली साखर वेगळी. ती पोटात गेल्यावर थोड्याच वेळात रक्तात उतरू लागते. मग रात्रभर शरीराने साखर कशी सांभाळली, हे कसे कळणार? उसाला युरियाचा हप्ता दिल्यावर दुसऱ्या दिवशी कुणी माती नमुना आणला, तर तो आम्ही परत पाठवतो. तसेच हे.

‘बिनसाखरेची काळी कॉफी तरी चालेल ना?’ असे काहीजण विचारतात. तीही नको. कॉफीतील कॅफिनमुळे काहींच्या रक्तातील साखर वर-खाली होते. चहातही कॅफिन असतेच.

तेव्हा एवढे पाळावे :

१) तपासणी सकाळी लवकर करावी. आदल्या रात्री वेळेवर जेवावे. साधे पाणी हवे तेवढे प्यावे.

२) रात्रभर दारं धरून तसेच तपासणीला जाऊ नये. पाळी नसेल तो दिवस निवडावा. बिडी-तंबाखूही रक्त देईपर्यंत टाळावी.

३) मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर त्या सकाळचा डोस कधी घ्यायचा हे डॉक्टरांना आधीच विचारावे. डोस घेऊन उपाशी राहिल्यास साखर एकदम उतरून घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. सोबत खाऊचा डबा ठेवावा.

४) तीन महिन्यांची सरासरी सांगणाऱ्या तपासणीला उपाशी राहावे लागत नाही. आपली तपासणी कोणती, हे विचारून घ्यावे.

५) चुकून चहा घेतलाच, तर लाजू नये, सांगून टाकावे. फार तर एक फेरी वाढेल. लपवलेल्या चहापायी नको ती गोळी मागे लागण्यापेक्षा ते बरे.

तोडणी सुरू झाली की कुणाला सवड मिळत नाही. म्हणून हंगामाआधीच तपासून घ्यावे, घरच्या माउलीलाही सोबत न्यावे. रक्त दिल्यावर मग चहा खुशाल घ्यावा, साखर मात्र बेताने.

– ऊस विकास अधिकारी