ज्वारीच्या पानावरचा तांबडा डाग

गिरगावातल्या चाळीत शेत नसले तरी गॅलरीतल्या कुंडीत मूठभर ज्वारी सहज पेरता येते. रोपे वीतभर झाली, की एका रोपाच्या पानाचे टोक कात्रीने कापा. दुसरे रोप तुलनेसाठी तसेच ठेवा. तीन-चार दिवसांनी कापलेली कड पाहा. पुष्कळ वाणांत ती तांबडी-जांभळी झालेली आढळेल, तर काहींत नुसती पिवळट-तपकिरी. (रोपे गाईला मात्र घालू नका. कोवळी ज्वारी चावली गेली, की तिच्यात हायड्रोसायनिक आम्ल हे विष तयार होते.)

हा रंग आला कोठून? पानाला जखम झाली, की तेथील पेशींत जास्मोनिक आम्ल नावाचे संप्रेरक वाढते. संप्रेरक हा केवळ निरोप्या. तो स्वतः रंग बनवत नाही; रंग बनवणारी जनुके जागी करतो. मग फेनिलअ‍ॅलनीन या अमिनो आम्लापासून पायरीपायरीने फ्लॅव्होनॉइड गटातील संयुगे तयार होतात. अ‍ॅपिजेनिनिडिन आणि ल्युटिओलिनिडिन ही त्यांपैकी ज्वारीची खास रंगद्रव्ये. ती निळा-हिरवा प्रकाश शोषून घेतात, म्हणून आपल्याला तांबूस दिसतात. एवढे तरी पदार्थविज्ञानाच्या शिक्षकाने सांगितलेच पाहिजे!

या संप्रेरकाचे नाव जाईवरून पडले आहे. त्याचा मिथिल एस्टर 1962 मध्ये जाईच्या सुगंधी तेलात सापडला. म्हणजे गजऱ्याच्या वासात आणि ज्वारीच्या जखमेत एकाच कुळातली संयुगे!

पण रोपाने हा खटाटोप का करावा? अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठात राल्फ निकल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1987 मध्ये याचे उत्तर दाखवले. बुरशी पानात शिरू लागली, की पेशीत रंगीत थेंब दिसू लागतात. ते बुरशीच्या वाटेवर गोळा होतात आणि फुटतात. त्यातील द्रव्य बुरशीला विषारी असते. ती पेशीही मरते. तेव्हा तो तांबडा डाग नुसती रोगाची खूण नाही, रोपाने दिलेला प्रतिकारही आहे.

निरोप्या एकच नसतो. अ‍ॅस्पिरिनचे जवळचे नातेवाईक असलेले सॅलिसिलिक आम्ल हेही वनस्पतींचे संप्रेरक आहे. ज्वारीच्या मुळांना मिथिल जास्मोनेट दिले, की तांबडी रंगद्रव्ये वाढतात. सोबत सॅलिसिलिक आम्ल दिले, तर ती वाढ दबते. रोप कोणत्या शत्रूशी लढते आहे त्यावर कोणाचे चालणार हे ठरते.

तांबडा की तपकिरी, हे मुख्यतः एका जनुकावर ठरते. तांबड्या-जांभळ्या जातीची कणसे पावसात भिजली, तर हाच रंग दाण्यावर उतरतो आणि भाकरी काळपट होते. म्हणून खाण्याच्या ज्वारीत पैदासकार तपकिरी जाती पसंत करतात. त्या रोगाला हमखास बळी पडतात असेही नाही. त्यांच्या पानांत ल्युटिओलिनसारखी रंगहीन वाटणारी फ्लॅव्होनॉइडे असतात, आणि तीही बुरशीला रोखतात.